पाळणाघरातली दुपार

महोदय,

पाळणाघरात वाढलेली मुलं पुढे लठ्ठ होतात, असं कुठेतरी वाचून आमच्या कॉलनीतल्या काही सासवांना चांगलंच बळ आलं आहे. कॅनडाच्या क्युबेक प्रांतातल्या, २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तसं आढळलं होतं खरं. पण आई-वडिलांऐवजी नातेवाइकांनी सांभाळलेल्या मुलांमध्येही जादा वजनाचा धोका त्यात दिसला होता. म्हणजे आजी-आजोबाही सुटले नाहीत! हे मात्र कुणी सांगत नाही.

मूल कुणाकडे आहे यापेक्षा तिथं त्याचा दिवस कसा जातो, ते बघा ना. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो. सकाळी दहानंतर पोरांना अंगणात सोडायची सोय नाही. मग दोन खोल्यांच्या पाळणाघरात कूलर, टीव्हीवर कार्टून आणि हातात बिस्किटाचा पुडा. ताईंना तरी काय बोलणार, एकटी बाई किती जणांमागे धावेल? तीन-चार वर्षांच्या मुलांची दिवसभरात किमान तीन तास हालचाल व्हावी आणि पडद्यासमोर ती तासाभराहून जास्त नसावीत, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितलं. आमच्याकडे उन्हाळ्यात नेमकं उलटं चालतं.

डब्याचंही तेच. संध्याकाळी डबा रिकामा दिसला की आई खूश, म्हणून नको म्हणणाऱ्या पोराच्या तोंडात शेवटचा घास कोंबला जातो. रोज असं झालं की पोट भरल्याचं त्याचं त्याला कळेनासं होतं. आणि त्या डब्यात नूडल्स ताई भरत नाहीत.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशात पाच वर्षांखालच्या जादा वजनाच्या मुलांचं प्रमाण २०१५-१६ मध्ये २.१ टक्के होतं, २०१९-२१ मध्ये ते ३.४ टक्के झालं. कुपोषणापुढे हा आकडा लहानच आहे, पण वाढतो आहे. अंगणवाडीत निदान वजन करून नोंद तरी ठेवतात. मी पाहिलेल्या एकाही खासगी पाळणाघरात काटा नव्हता.

महापालिकेने घरगुती पाळणाघरांची यादी करून तीन महिन्यांतून एकदा मुलांची उंची-वजन मोजायला आरोग्यसेविका पाठवावी. शिवाय उन्हाळ्याच्या सुट्टीत महापालिकेच्या शाळांमधले हॉल रिकामे असतात. तिथं कूलर लावून दुपारी दोन तास आसपासच्या पाळणाघरांना दिले, तर पोरं धावतील तरी. विजेचं बिल आम्हा पालकांकडून घ्या.

— एक नोकरदार आई, त्रिमूर्तीनगर, नागपूर