आई-बाबा, घट उठले की निघायचं आहे

ती. आई आणि ती. बाबा,

साष्टांग नमस्कार.

हे फोनवर सांगितलं असतं तर आईने "बघू गं" म्हणून विषय मिटवला असता आणि बाबांनी "कशाला उगाच खर्च" म्हणून फोन आईच्या हातात दिला असता. म्हणून पत्र लिहितेय. ऑक्टोबरमधल्या जहाजाच्या सफरीची तिकिटं मी काढली आहेत. तुमची दोघांची आणि माझी. पैसे भरून झालेत. आधी विचारलं नाही, कारण इतकी वर्षं विचारतेच आहे आणि दर वेळी काहीतरी निघतं. कलमांची फवारणी, कुणाचं तरी लग्न, आईचे गुडघे. या वेळी ठरवूनच टाकलं. रागवायचं असेल तर रागवा, पण पत्र शेवटपर्यंत वाचून मग.

घट उठल्याशिवाय तू घराबाहेर पडणार नाहीस हे मी धरूनच चाललेय, आई. दसरा घरी करा, सोनं वाटा, मग मुंबईहून सरळ इथे युरोपात माझ्याकडे या. कोजागिरीचं दूध आपण इथेच आटवू. आठवडाभर विश्रांती घ्या, झोपेचं वेळापत्रक जुळू दे. मग अ‍ॅमस्टरडॅमहून जहाजात बसायचं आणि फ्रान्स, स्पेन, पोर्तुगालच्या किनाऱ्याकिनाऱ्याने बार्सिलोनाला उतरायचं. तिथून तुम्हाला विमानाने घरी सोडायला मी स्वतः येतेय. दिवाळीचा पहिला दिवा आपल्याच अंगणात लागेल.

याला रिपोझिशनिंग क्रूझ म्हणतात. ही मोठी जहाजं उन्हाळाभर नॉर्वे आणि बाल्टिककडे फिरतात. तिकडे दिवस लहान झाले, थंडी-वादळं सुरू झाली की ती खाली भूमध्य समुद्रात येतात आणि काही तर तशीच पुढे अटलांटिक ओलांडून कॅरिबियनला जातात. पावसाळा सरला की धनगर मेंढरं घेऊन कोकणात उतरतात ना, तसंच. जहाजाला जायचंच असतं. रिकामं नेण्यापेक्षा त्या एकेरी प्रवासाच्या खोल्या कंपन्या स्वस्तात विकतात. शाळा सुरू असतात, त्यामुळे मुलांचा गलका कमी आणि तुमच्या वयाची माणसं जास्त. बाबा, तुम्ही आकडा विचाराल. परतीचं विमान वेगळं काढावं लागलं, ते धरूनही उन्हाळ्यातल्या नॉर्वेच्या सफरीपेक्षा बरंच कमी लागलं. बंदराचे कर, जहाजावरच्या नोकरांची रोजची बक्षिसी, सगळं त्यात धरलंय. मागून काही निघणार नाही. आणि हे पैसे माझे आहेत, तुमच्या ठेवींना हात लावलेला नाही.

विजूमामांसारखी बसची सहल का नाही, हेही सांगते. त्यांना रोज पहाटे बॅग दाराबाहेर ठेवायला लागायची, रोज नवं हॉटेल, रोज नवा बिछाना. आल्यावर ते पंधरा दिवस अंथरुणात होते हे तूच सांगितलंस. जहाजावर बॅग एकदा उघडायची आणि कपाटात लावायची. रात्री झोपलात की गाव आपोआप पुढे येतं. उतरावंसं वाटलं तर उतरायचं, नाहीतर गच्चीत बसून बंदर बघायचं. कुणी ओरडणार नाही.

बाबा, तुमच्या डोळ्यांबद्दल लिहावं की नाही, याचा बरेच दिवस विचार केला. मागच्या तपासणीचा कागद दादाने मला पाठवला. तुम्ही फोनवर "सगळं ठीक" एवढंच म्हणता, म्हणून त्याच्यावर चिडू नका, मीच मागितला होता. दाब आटोक्यात आहे, थेंबांचा गुण येतोय, ही चांगली गोष्ट आहे. काचबिंदूने गेलेली नजर परत येत नाही, आहे ती थेंबांनी टिकवायची असते, हे डॉक्टरांनी तुम्हालाही सांगितलंय. मी घाबरलेली नाही. तुम्हीही घाबरू नका. पण फळ्यावर खडूने युरोपचा किनारा न बघता काढणारा माणूस तो किनारा एकदाही प्रत्यक्ष बघत नाही, हे मला सहन होत नाही. वीज गेली की कंदिलाच्या उजेडात तुम्ही अ‍ॅटलास उघडायचात आणि माझं बोट धरून त्या निळ्या कडेवरून फिरवायचात. बिस्केच्या उपसागराशी आलं की बोट थांबवून विचारायचात, "इथे लाटा मोठ्या का?" मला उत्तर यायचं नाही आणि मी तुमच्या बनियनमध्ये तोंड लपवायचे. आता येतं उत्तर. पश्चिमी वारे अख्खा अटलांटिक ओलांडून लाटा आणतात आणि तिथे भूखंडमंच, म्हणजे किनाऱ्यालगतचा उथळ समुद्रतळ, संपतो, चार हजार मीटरहून खोल समुद्रातून ते पाणी एकदम उथळावर चढतं. बरोबर ना?

म्हणून खोली मुद्दाम डाव्या बाजूची घेतलीय. दक्षिणेकडे उतरताना जमीन सगळा वेळ डावीकडे राहते आणि जिब्राल्टरनंतर पूर्वेला वळल्यावर स्पेनही डावीकडेच. तुमच्या गच्चीतून नकाशा ओळीने पुढे सरकत जाईल. बरोबर मोठा टॉर्च, भिंग आणि माझी दुर्बीण असेल.

सुरुवातच बघण्यासारखी आहे. अ‍ॅमस्टरडॅमहून जहाज लगेच समुद्रात जात नाही. 1876 मध्ये खुल्या झालेल्या कालव्यातून, दोन्ही बाजूंना गाव-कारखाने ठेवत, आयमाउडनपर्यंत येतं. तिथलं नवं जलद्वार 500 मीटर लांब आणि 70 मीटर रुंद आहे. एवढं मोठं जहाज त्या दरवाजांच्या मधे उभं राहतं, पाण्याची पातळी समुद्राशी जुळवतात आणि मग उत्तर समुद्र. आई, तुझा पहिला तास-दीड तास जमिनीच्या कुशीतूनच जाईल, तेवढ्यात भीड चेपेल.

पुढे फ्रान्समधलं ल हाव्र. दुसऱ्या महायुद्धात हे शहर पार उद्ध्वस्त झालं होतं, मग ऑग्युस्त पेरे या वास्तुरचनाकाराने ते काँक्रिटमध्ये पुन्हा उभं केलं. मी तिथे फार वेळ घालवणार नाही, समुद्रकाठच्या बाकावर बसू. नंतर बिस्के. मग स्पेनमधलं आ कोरुन्या, बाबा, जिथे मला तुम्हाला न्यायचंच आहे. तिथे रोमन लोकांनी बांधलेलं दीपगृह आहे, टॉवर ऑफ हर्क्युलिस. पहिल्या-दुसऱ्या शतकातलं. अठराव्या शतकात बाहेरून नवा दगड चढवला, पण आतला गाभा रोमन आहे आणि दिवा आजही लागतो. हर्णैच्या दीपगृहाचे झोत मोजत बंदरावर बसायचो ते आठवतं? मला ताप येऊन गेला की तुम्ही सायकलवर पुढे बसवून तिथे न्यायचात. वर चढायचं नाही, पायऱ्या दोनशेच्या वर आहेत. खालून बघायचं. आणि त्या गॅलिशियाच्या, म्हणजे आ कोरुन्याच्याच प्रांताच्या, किनाऱ्यावरच तुमचा लाडका धडा आहे. नद्यांची खोरी समुद्रात बुडून झालेल्या लांब खाड्या. रिया किनारा शिकवताना तुम्ही मुलांना दाभोळची खाडी दाखवायला न्यायचात. आता ज्या किनाऱ्यावरून ते नाव पडलं तो तुम्ही मला दाखवा.

लिस्बनच्या आधी काबो दा रोका लागतो, युरोपच्या मुख्य भूमीचं सगळ्यात पश्चिमेचं टोक. ते रात्री गेलं तर मी तुम्हाला उठवणार, दीपगृहाचा दिवा तरी दिसेल. लिस्बनला जेरोनिमोस मठात वास्को द गामाची समाधी आहे. कादिझला धक्का जुन्या शहराला लागूनच आहे, रस्ते सपाट, आईला चालायला सोपं. मग जिब्राल्टर. तिथे थांबणार नाही, नुसतं जायचं आहे. चिंचोळ्या जागी जेमतेम 14 किलोमीटर. उजवीकडे आफ्रिका. तुम्ही शिकवलेलं, की वरून अटलांटिकचं पाणी भूमध्यात शिरतं आणि खालून जास्त खारं, जड पाणी बाहेर पडतं. डोळ्यांना ते दिसत नाही, पण आपण त्यावरून जात असू.

आई, आता तुझ्याशी. तुझ्या मनात काय येणार ते मला माहीत आहे. आजीने सांगितलेली रामदास बोट. 1947 चा जुलै, भर पावसात रेवसला निघालेली, माणसांनी खच्चून भरलेली बोट, आणि बुडाली ही खबर मुंबईत कळायलाच कित्येक तास गेले. रेवदंड्याच्या घरात त्या दिवसाबद्दल मोठ्याने कुणी बोलायचं नाही, हे मी लहानपणापासून बघितलंय. तुझी भीती खोटी नाही. पण आता जहाज सुटायच्या आधी प्रत्येक प्रवाशाला कुठे जमायचं, जॅकेट कसं बांधायचं हे शिकवणं सक्तीचं आहे. होड्या आणि तराफे मिळून जहाजावरच्या प्रत्येक माणसाला पुरून उरतील एवढे ठेवावेच लागतात. हवा बिघडली तर कप्तान बंदर गाळतो, वेळ बदलतो. मी त्या कवायतीला तुझा हात धरून उभी राहीन.

खोली जहाजाच्या मधोमध आणि खालच्या मजल्यावर घेतलीय, तिथे हेलकावा सगळ्यात कमी. माझी खोली शेजारचीच, मधलं दार उघडतं. संडासात पाण्याचा फवारा नसतो, म्हणून छोटा तांब्या मी आणतेय. फ्लशचा आवाज मोठा असतो, दचकू नकोस. न्हाणीघराला उंचवट्याचा उंबरठा असतो. त्यावर मी पहिल्याच दिवशी पिवळी पट्टी चिकटवणार आहे. जेवणाचं शाकाहारी म्हणून आधीच कळवलंय. वरण-भात रोज मिळेल असं मी म्हणत नाही, पण भात, दही, भाज्या, ताजा पाव, फळं रोज असतील. उकळतं पाणी दिवस-रात्र मिळतं, चहाची पावडर आणि वाळवलेला गवती चहा तू तुझा आण. रात्री जेवल्यावर डेकवर अख्ख्या जहाजाला फेरी मारता येते, तुझी शतपावली चुकणार नाही.

आता काही गोष्टी ऐकायच्याच आहेत, दोघांनी.

औषधं हातातल्या पिशवीत. मोठी बॅग जहाजावर खोलीत यायला संध्याकाळ होते, तोवर थेंबांची वेळ टळेल. डॉक्टरांची चिठ्ठी औषधांच्या मूळ नावांसकट टाईप करून घ्या. थेंबांची न उघडलेली बाटली थंड ठेवायची असेल तर खोलीत छोटा फ्रिज आहे. पोर्तुगालला घड्याळ एक तास मागे जातं आणि स्पेनला पुन्हा पुढे, त्यामुळे थेंबांचं वेळापत्रक मी बघणार, तुम्ही नाही. आणि बाबा, बोट लागू नये म्हणून कुणी सांगेल ती गोळी घ्यायची नाही. काचबिंदूच्या काही प्रकारांत त्या गोळ्या चालत नाहीत. डोळ्यांच्या डॉक्टरांना विचारा, ते सांगतील तीच. आईने आलेपाक भरपूर करावा.

तूप, पेढे, खवा काही आणायचं नाही. दूध-दुभत्याला इथे बंदी आहे, विमानतळावर काढून टाकतात आणि तुझा जीव तुटेल. मेतकूट आण. नारळ चालतो, हवा तर एक आण. किटली आणू नका, आगीच्या भीतीने जहाजावर नेऊ देत नाहीत.

विमानतळावर दोघांसाठी व्हीलचेअर सांगितली आहे. बाबा, चालता येत नाही म्हणून नाही. तुम्ही अजून माझ्यापेक्षा भरभर चालता. पण रात्रीच्या गर्दीत बाजूने येणारी ट्रॉली पटकन दिसली नाही तर, एवढंच. आई एकटी बसणार नाही हेही आहे. तिच्यासाठी बसा.

पासपोर्ट आजच काढून बघा. परतल्यानंतर किमान तीन महिने मुदत उरलेली हवी. व्हिसासाठी मुंबईला बोटांचे ठसे द्यायला जावं लागेल, दादा गाडीने नेईल, त्याच्याशी बोलणं झालंय. 30,000 युरोचा वैद्यकीय विमा सक्तीचाच आहे, मी त्याहून मोठा घेतलाय आणि त्यात आधीचे आजार लिहिलेत. कुठलाच लपवायचा नाही, आईची शुगरसुद्धा नाही. जहाजावर डॉक्टर असतात, पण ते महाग असतात, म्हणून हा विमा.

घराची काळजी नको. कलमांना पाणी आणि मोतीची भाकरी, दोन्ही शेजारच्या वहिनी बघणार आहेत. मी त्यांना आधीच विचारलंय.

रविवारी सकाळी फोन करते. तोवर बाबांनी नकाशावर मार्ग आखून ठेवावा, आणि आई, तुझे नवे बूट दादाकडून आणून घे आणि आत्तापासून रोज अर्धा तास घालून चाल, म्हणजे पायाला सवय होईल. सपाट तळव्याचे, पट्टा असलेले. चपला चालणार नाहीत.

तुमची,
मनू