पक्यास, लिलावातल्या फ्लॅटबद्दल

प्रिय पक्या,

फोनवर हे नीट सांगता आलं नसतं म्हणून लिहितोय. दिवाळीनंतर मी तुला जरा टाळतच होतो, तुझ्या लक्षात आलंच असेल. मी बँकेच्या लिलावातला फ्लॅट घेत होतो, आणि बँकेने तुझ्या नानांच्या प्रेसचं जे केलं त्यानंतर तुला हे कुठल्या तोंडाने सांगू? बाकी तब्येत बरी, शुगर आहे तिथेच.

तर सिंहगड रोडचा टू बीएचके, सरफेसीखाली (थकलेल्या कर्जापायी बँकेने तारण विकायचा कायदा) निघालेला, 58 लाखाला माझी बोली सगळ्यात वर. 25 टक्के, म्हणजे साडेचौदा लाख, लगेच भरावे लागतात, फार तर लगेच पुढच्या वर्किंग डेला, ते भरले. कन्फर्मेशनचं पत्र आलं, उरलेले 75 टक्के पंधरा दिवसांत. दुसऱ्या बँकेचं लोन सँक्शन. आणि मग विकणाऱ्या बँकेच्या ऑथराइज्ड ऑफिसरचा फोन, की कर्जदाराने सेटलमेंटची ऑफर दिलीय, बहुतेक विक्री रद्द होईल, पैसे परत मिळतील, व्याज नाही. लेखी काही नाही! मग बाकीचे भरू का नको विचारलं तर म्हणे तुमचं तुम्ही बघा.

मेख इथेच आहे. मुदतीत भरले नाहीत तर सरफेसीच्या नियम 9(5) खाली माझेच साडेचौदा लाख जप्त. सुप्रीम कोर्टाने फेब्रुवारी 2024 मध्ये शण्मुगवेलूच्या केसमध्ये अशी पूर्ण 25 टक्क्यांची जप्ती उचलून धरलीय, बँकेने तीच मालमत्ता नंतर जास्त भावाने विकली होती तरी. म्हणजे मागे फिरणार ते आणि बुडणार मी. वकीलबाई म्हणाल्या बाकी सगळं नंतर, आधी ईमेल आणि स्पीड पोस्ट: पैसे तयार आहेत, कुठे भरू सांगा, मुदत वाढवायची तर लेखी द्या. ते केलं. उत्तर नाही. (तू लुना विकलीस तेव्हा माझ्या अर्ध्या पैशांबद्दल असाच गप्प बसला होतास, विसरलो नाहीये.)

कायदा तसा माझ्या बाजूचा आहे रे. 2016 ला कलम 13(8), कर्जदाराने पैसे भरून मालमत्ता सोडवायचं, बदललं, आणि सप्टेंबर 2023 चा बाफना मोटर्सचा निकाल तर वकीलबाईंना तोंडपाठ आहे. एमआयडीसीतला प्लॉट, लिलाव 105 कोटीला, मागून कर्जदार म्हणतो मी 129 देतो, मुंबई हायकोर्टाने त्याला सोडवू दिलं आणि सुप्रीम कोर्टाने ते फिरवलं. लिलावाची नोटीस प्रसिद्ध झाली की कर्ज फेडून मालमत्ता सोडवायचा हक्क संपला, आणि बँकेलाही घेणाऱ्याला टांग मारता येत नाही. पण त्या घेणाऱ्याने पूर्ण रक्कम भरली होती, मी अजून पाव भागावरच आहे. बँकेने नाहीच ऐकलं तर पुण्याच्या डीआरटीत, म्हणजे कर्जवसुली न्यायाधिकरणात, कलम 17 चा अर्ज, 45 दिवसांच्या आत. थेट हायकोर्टात गेलो तर आधी डीआरटीत का नाही गेलात हेच विचारतील. आणि तिसरा रस्ता, मुकाट पैसे घ्यायचे आणि व्याजासाठी पत्रं लिहीत बसायचं. बायको तिसऱ्या रस्त्यावर कधीचीच जाऊन उभी आहे. उलट कर्जदारही डीआरटीत जाऊ शकतो, त्याला द्यायच्या 30 दिवसांच्या नोटिशीत खोट निघाली तर अख्खा लिलावच उडेल.

आणि ताबा फक्त कागदावरचा, सिम्बॉलिक. माणसं आत राहतायत. बोलीच्या आधी बघायला गेलो तर दारावर फेविकॉलने चिकटवलेली नोटीस, एक कोपरा कोणीतरी खरवडलेला, आणि खाली कडीला चितळेची पिशवी. बेल वाजवली नाही. खाली आलो तर सोसायटीच्या बोर्डावर मेंटेनन्स थकलेल्यांची यादी, त्यात हाच नंबर लाल स्केचपेनने. ती थकबाकीही माझ्याच गळ्यात पडणार, 'जसं आहे तसं' म्हणून विकतात ना. नानांचं मशीन उचलून नेणाऱ्याला तू भर चौकात काय काय बोलला होतास ते तिथे उभं राहून आठवलं, आणि तरी घरी येऊन बोली लावली. घर मला हवंय, पक्या. भाडं भरून भरून कंटाळलोय.

तुझी ट्रान्सफर झाली का? चिमीची बारावी ना यंदा, तिला म्हणावं काकाने क्लासच्या फीबद्दल विचारलंय, संकोच करू नका. गुडघ्याचं ऑपरेशन पुढे ढकलू नकोस.

तुलाच का विचारतोय तर नानांनी शेवटी बँकेला सेटलमेंटची ऑफर दिली होती, तेव्हा हातात खरंच पैसे होते का नुसता वेळ काढायचा होता? वकीलबाईंना ह्याने काही फरक पडत नाही, मला पडतो. ह्या माणसाकडे खरंच पैसे असतील तर मी डीआरटीची पायरी चढणार नाही, व्याज गेलं खड्ड्यात. नुसता वेळ काढत असेल तर मात्र लढणार. कलम 13(8) बघता नानांनाही जमलं असतं की नाही कोण जाणे, ते सगळं जुन्या कायद्यातलं. शुक्रवारच्या आत सांग, मुदत सोमवारी संपते. शिव्या द्यायच्या तर फोनवर दे, लिहून नको, बायको माझे मेसेज वाचते.

तुझा,
दिल्या