आई-बाबांना पत्र : मुक्ताच्या उन्हाळी शिबिराविषयी

छत्रपती संभाजीनगर

तीर्थरूप बाबा व तीर्थरूप सौ. आई यांच्या चरणी शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

मुक्ता या सुट्टीत अंबाजोगाईला उशिरा येणार हे कळल्यापासून तुम्ही दोघेही नाराज आहात. फोनवर हे सगळे नीट सांगता येत नाही, म्हणून लिहायला बसलो. येथील एका स्टुडिओत तीन आठवड्यांचे निवासी शिबिर आहे. कथक शिकणारी आणि चित्रकला शिकणारी मुले तेथे एकत्र राहून दिवसभर आपापले काम करतात आणि त्यात मुक्ताची निवड झाली आहे.

बाबा, ‘आठवड्याला कथकचे दोन वर्ग होतातच, मग हे कशाला?’ हा तुमचा प्रश्न रास्त आहे. अडचण अशी, की तीनतालाच्या १६ मात्रांवर ठाय (संथ), दुगुन (दुप्पट) करून ती चौगुनीत (चौपट लयीत) गेली की तिचा डावा पाय मागे राहतो. बाई तो दाखवून देतात, पण पुढच्या वर्गापर्यंत ती घरी तोच चुकीचा पाय घोटत बसते आणि तो अंगवळणी पडतो. शिबिरात सकाळी दाखवलेली चूक दुपारी पुन्हा तपासली जाते. घुंगरू बांधण्याआधी हातावर ताल धरून बोलांची पढंत, म्हणजे ते तोंडाने म्हणणे, करावी लागते आणि लेहऱ्याला, म्हणजे नाचाबरोबर सतत वाजणाऱ्या सुरावटीला, माणूस बसलेला असतो. घरी आम्ही मोबाईलवरचा लेहरा लावतो. ती चुकली तरी तो आपला वाजतच राहतो.

चित्रकलेच्या मुलांचे काम मला अधिक विलक्षण वाटले. इंटरमिजिएट ग्रेडच्या परीक्षेपर्यंत आपली मुले मांडून ठेवलेला तांब्या आणि फळे रेखाटतात. येथे मात्र नाचणाऱ्या मुलींसमोर बसून, कोळशाने, मिनिटभरात एक आकृती उतरवायची असते. खोडायला वेळच नसल्यामुळे शरीराचा भार कोणत्या पायावर आहे हे आधी पाहावे लागते. निवडीच्या दिवशी अशाच एका रेखाटनात मुक्ताला आपला उजवा खांदा वर चढलेला दिसला. आरशात तो तिला कधी दिसला नव्हता, कारण आरशासमोर उभी राहिली की ती आपोआप सावरते.

हे अलीकडचे खूळ आहे असेही नाही. आपल्याच अजिंठ्यात मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स १८७२ ते १८८५ या काळात विद्यार्थ्यांकडून भित्तिचित्रांच्या नकला करवून घेत होते. त्यांपैकी बऱ्याच नकला पुढे लंडनमध्ये आगीत जळाल्या, पण त्या कामावर हात बसलेले पेस्तनजी बोमनजी नामवंत व्यक्तिचित्रकार झाले. १९०९ ते १९११ च्या सुमारास इंग्रज चित्रकार लेडी हेरिंगहॅम यांच्याबरोबर अशाच नकलांसाठी कलकत्त्याहून तरुण नंदलाल बोस आले, तसेच हैदराबादहून सय्यद अहमद आणि फजलुद्दीन आले. तेव्हा हा सारा मुलूख निजामाच्या राज्यात होता, हे तुम्हाला मी काय सांगावे!

पखवाजवादक शंकरबापू आपेगावकरांना पद्मश्री मिळाली ती काय शिबिरे करून, असे तुम्ही म्हणालच. पण जेथे भजनातला मृदंग सतत कानांवर पडतो, तेथे गावच शाळा होते. आमच्याकडे खालच्या मजल्यावरचे काका रात्री आठनंतर घुंगरांचा आवाज चालू देत नाहीत.

आई, तिच्या गुडघ्यांविषयी तुला वाटणारी काळजी मात्र खरी आहे. फरशीवर तासन्‌तास पाय आपटल्याने पोटऱ्या आणि गुडघे दुखावतात, म्हणून मी स्वतः जाऊन जमीन लाकडी आहे ना, हे पाहून आलो. दुपारची विश्रांती आणि आठवड्याची सुट्टीही विचारून घेतली. बारा-बारा तास मुलांना राबवल्याची फुशारकी मारणाऱ्या शिबिरात मी तिला पाठवलेच नसते. ती पुढे नर्तकी होईल की नाही, हे मला सांगता येत नाही आणि तसा माझा आग्रहही नाही. पण या वयात शरीर लवकर शिकते, आणि तीन आठवडे एकाच कामात बुडून राहिल्यावर ते तिला हवेसे वाटते की नकोसे, हे तिचे तिलाच कळेल.

शुल्काची सोय झाली आहे. कृपया पेन्शनमधून काही पाठवू नका. शेवटच्या रविवारी मुलांचे सादरीकरण आहे. उन्हे कडक आहेत, त्यामुळे येणार असाल तर शनिवारी पहाटेच्या एस.टी.ने निघावे, मी स्थानकावर येईन. सोमवारी मुक्ताला तुमच्याबरोबरच अंबाजोगाईला पाठवतो. शाळा उघडेपर्यंत ती तुमच्याकडेच राहील.

आपला आज्ञाधारक,
श्रीकांत