बाबा, तुमचं भरतीचं गणित इथे चुकलं

आई, बाबा,

परवा फोन मी नाही कट केला हां, रेंजच गेली. इथे बर्र अल हिकमानला गाडीच्या टपावर चढून हात वर केला की कशीबशी एक दांडी येते, म्हणून आता निवांत लिहूनच पाठवते.

ओमानच्या या किनाऱ्यावर माड नाही, सुरू नाही, मागे वाळवंट नि पुढे चिखल, ओहोटीला पाणी दिसेनासं होतं. त्या चिखलावर थंडीत पाच लाखांच्या वर पक्षी, कितीतरी पार सायबेरियातून आलेले. मोजायचे ते भरतीला, कारण पाणी चढलं की सगळे मागे सरकत कोरड्या पट्टीवर दाटीवाटीने उभे राहतात, शिमग्याला पालखीभोवती आपण असतो तसे. एकेक नाही मोजत, शंभराचा गठ्ठा नजरेत बसवायचा आणि तोच पुढे पुढे ठेवत जायचा.

बाबा, पहिल्या दिवशी शहाणपणा करून तुमचं गणित लावलं, तिथीची पाऊणपट, अष्टमी म्हणजे सहाला पूर्ण भरती. सपशेल चुकलं! वेळासचं गणित वेळासलाच. पण रोज पाऊणएक तास पुढे सरकणं तेच, त्यामुळे एकदा घड्याळ लावून बघितल्यावर पुढचे चार दिवस मी तोंडी सांगत होते.

आता आई, ओरडू नको. सोमवारी गाडी सबखात रुतली. सबखा म्हणजे मिठागरासारखी जमीन, वर सुकलेली खपली नि खाली नुसता लगदा. टायरची हवा काढली, फळ्या घातल्या, चार तास खोदत होतो. दुसरी गाडी सोबत होती, पाणी भरपूर होतं, मला काही झालेलं नाही. तू रात्रभर जागली असतीस म्हणून फोनवर बोलले नाही.

पण लपवणारी मी एकटीच नाही. बाबा गुडघ्याला पट्टा बांधून पहाटे चारला एकटे कासवाचे माग बघायला जातात, हे मला शेजारच्या काकूंकडून कळावं? आम्ही इथे जोडीशिवाय चिखलात पाय टाकत नाही.

जेवणाची काळजी नको, सुरमई रोज. आपल्याकडे पाऊस आणणारा नैऋत्येचा वाराच पावसाळ्यात इथलं खालचं थंड पाणी वर आणतो, मासळीची चंगळ त्यामुळेच. आगळ तेवढं संपलं.

बाबा, एक काम करा. येत्या पौर्णिमेला बाणकोटच्या खाडीत भरती किती वाजता पूर्ण होते ते कॅलेंडरवर लिहून ठेवा, मी इथली लिहिते, आल्यावर फरक काढू. तुमच्या गणिताने ती सकाळी सव्वाअकराच्या आसपास येते, म्हणजे अंधारात जायची गरज नाही.

तुमची,
चिऊ