परदेशातील घर आणि इथला दावा

वडिलांचे लंडनमधील घर आणि साताऱ्याचा वाडा यांच्या वाटणीचा एकच दावा इथल्या न्यायालयात लावता येईल, असा अनेकांप्रमाणे आमचाही समज होता. मिळकत पत्रिका, मृत्यूचा दाखला, वंशावळ अशी जाडजूड फाइल वकिलांनी उघडली, तिचे दोन गठ्ठे केले आणि लंडनचा गठ्ठा आमच्या हाती परत दिला. दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ च्या कलम १६ नुसार स्थावर मालमत्तेचा दावा सर्वसाधारणपणे ती जिथे असेल तिथेच चालतो, आणि त्याच कलमाच्या स्पष्टीकरणानुसार मालमत्ता म्हणजे केवळ भारतातील मालमत्ता. इंग्लंडच्या हाउस ऑफ लॉर्ड्सनेही (तेव्हाचे तिथले सर्वोच्च न्यायालय) १८९३ मध्ये मोझांबिकमधील जमिनीच्या मालकीचा वाद ऐकण्यास नकार दिला होता. (तेव्हा अडचण जुनीच!) मृत्युपत्र करून देणाऱ्या वकिलांनी हे पक्षकाराला आधीच सांगावे, एवढीच अपेक्षा आहे.

– एक वाचक, सातारा