कुठवर आलात, डॉक्टर?

सिस्टर,

तुमची दुसऱ्या वॉर्डात बदली झाली त्या दिवशी मी पोस्ट-ड्यूटी झोपून गेले होते. निरोप द्यायचा राहिला, ते मनाला लागून आहे. म्हणून हे पत्र, आणि तेही सगळ्यांसमोर. तुम्ही काय केलंत ते बाकीच्या रेसिडेंट (शिकाऊ) डॉक्टरांनाही कळू दे.

रेसिडेन्सीच्या पहिल्या वर्षी माझं वाचन आणि धावणं दोन्ही सुटलं होतं. एका नाइटला, पहाटे तीनच्या सुमारास, माझ्या एप्रनच्या खिशातून डोकावणारी कादंबरी तुम्ही पाहिलीत. खुणेसाठी आत ईसीजीच्या कागदाची पट्टी होती. "कुठवर आलात, डॉक्टर?" मी खरं ते सांगितलं, तीन महिने पान ४० वरच आहे. तुम्ही काहीच बोलला नाहीत. दुसऱ्या रात्री औषधांची ट्रॉली लावता लावता पुन्हा विचारलंत, "कुठवर?"

त्या एका शब्दापायी मी रोज दहा पानं वाचून येऊ लागले. झोपण्यापूर्वी अर्धा तास वैद्यकाबाहेरचं वाचा, असं जुन्या काळचे नामवंत डॉक्टर आणि शिक्षक विल्यम ऑस्लर विद्यार्थ्यांना सांगत. त्यांनी त्यासाठी दहा पुस्तकांची यादीही दिली होती. मला अर्धा तास कधी जमला नाही. दहा पानं जमली.

मग धावणंही सुरू झालं आणि तुमचा प्रश्न त्यालाही लागू पडला. रॉजर बॅनिस्टरची गोष्ट मी तुम्हाला सांगितली ती रात्र आठवते? ६ मे १९५४. वैद्यकीय विद्यार्थी असलेला हा माणूस सकाळी लंडनच्या हॉस्पिटलात होता, तिथल्या प्रयोगशाळेत त्यानं बुटांचे खिळे घासून धारदार केले, ट्रेननं ऑक्सफर्डला गेला आणि संध्याकाळी एक मैल ३ मिनिटं ५९.४ सेकंदांत धावला. चार मिनिटांच्या आत मैल धावणारा तो पहिलाच. तुम्ही सलाइनचे थेंब मोजत होतात. मोजून झाल्यावर म्हणालात, "म्हणजे त्यालाही आधी हॉस्पिटल होतंच." हे वाक्य मला किती पुरलंय म्हणून सांगू!

पण सगळ्यात मोठे आभार नडगीचे. दुखत होती, आणि मी वेदनाशामक घेऊन रेटत होते. माझं लंगडणं तुम्ही हेरलंत. "एका बोटानं दाखवा बघू, नेमकं कुठं दुखतं?" माझं बोट हाडावरून खाली सरकलं आणि पेराएवढ्या एकाच जागी थांबलं. दुखणं नडगीभर पसरलेलं असेल तर एक गोष्ट, एकाच बिंदूवर असेल तर हाडाला बारीक चीर गेल्याची शंका घ्यायची. हे मी परीक्षेत लिहून आले होते. स्वतःचा पाय मात्र कधी तपासला नव्हता. तुम्ही मला त्याच दिवशी ऑर्थोच्या ओपीडीत पाठवलंत. एक्स-रेत काहीच दिसलं नाही. सुरुवातीला बऱ्याचदा दिसत नाही. एमआरआयमध्ये चीर सापडली. आणखी महिनाभर तशीच धावले असते तर काय झालं असतं, हे मी रुग्णांना सांगते तेव्हा तुम्ही डोळ्यांसमोर असता.

सहा आठवडे धावणं बंद होतं. त्या काळात कादंबरी संपली. नंतर एक मिनिट धाव, दोन मिनिटं चाल, असं करत आता धाप न लागता पुरं वाक्य बोलता येईल एवढ्याच वेगानं धावते.

आता नाइटला कुणी विचारत नाही, म्हणून इथंच सांगते. नव्या पुस्तकाचं पान २१२. आज सकाळी सहा किलोमीटर. नडगी दुखली नाही.

तुमची,
वॉर्डातली ज्युनियर