नव्वद टक्के झालंय, साहेब

पुणे, रविवार रात्र

प्रिय दोस्ता,

तुझ्या पत्राला उत्तर द्यायला दोन महिने लावले. आधी चार शिव्या घालून घे, मग पुढे वाच.

मला प्रोजेक्ट मॅनेजर केलंय. पगार थोडा वाढला, फोन तिप्पट. आणि लेका, या वयात मी दर शनिवारी शाळेत जातो! आमच्या साइटजवळ एक निवृत्त इंजिनिअर राहतात, उमेदीची वर्षं कोकण रेल्वेवर काढलेले. पाच-सहा जणांना घरी बोलावून शिकवतात. फी नाही, काकूंचे पोहे मात्र संपवावे लागतात.

गँट चार्ट (कामांच्या वेळापत्रकाचा तक्ता), क्रिटिकल पाथ (ज्या कामांना उशीर झाला की सगळंच लांबतं, ती साखळी) मी कोर्सात घोटलं होतं. सर पहिल्याच दिवशी म्हणाले, "तक्ता राहू दे. तुझ्या साइटवर आत्ता कोण कोणासाठी थांबलंय?" मला सांगता येईना.

मग सातव्या मजल्याच्या स्लॅबची गोष्ट सांगावीच लागली. आदल्या संध्याकाळी इलेक्ट्रिशियनला विचारलं, "झालं ना?" तो म्हणाला, "नव्वद टक्के झालंय, साहेब." सकाळी सहाला आरएमसीच्या, म्हणजे तयार काँक्रीटच्या, तीन गाड्या गेटवर, आणि वर दोन खोल्यांत विजेच्या तारांचे पाइपच नाहीत. तयार काँक्रीट साधारण दोन तासांत ओतायला हवं. एक गाडी परत गेली. मी त्याला सगळ्यांसमोर झाप झाप झापलं.

सरांनी विचारलं, "मग पुढच्या वेळी तो काय सांगेल?"

मी म्हटलं, "पंच्याण्णव टक्के."

सर हसले, पण सोडलं नाही. पाइप सळयांच्या खालच्या आणि वरच्या जाळीच्या मध्ये जातात. खालची जाळी बांधायलाच उशीर झाला होता, कारण सळईचे दोन फिटर मीच दुसऱ्या विंगला पाठवले होते. त्या पोराला काम करायला उरली होती एक संध्याकाळ. हे मला तेव्हा कुणी सांगितलं नाही, कारण मी "काय अडलंय?" असं कधी विचारलंच नव्हतं.

कोकण रेल्वेचं ते मन लावून सांगतात. कंपनी 1990 ला निघाली, ई. श्रीधरन प्रमुख. रोह्यापासून मंगळुरूकडे सुमारे 740 किलोमीटर, वाटेत नव्वदच्या वर बोगदे. मला वाटायचं, रत्नागिरीजवळच्या करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा सगळ्यांत लांब बोगदाच वेळ खाऊन बसला असेल. पण तो कातळातला. शेवटपर्यंत अडवून धरलं ते गोव्यातल्या पेडण्याच्या जेमतेम दीड किलोमीटरच्या बोगद्यानं, कारण तिथली माती मऊ, ओली, खणावं तशी ढासळणारी. सगळा मार्ग सुरू झाला तो 26 जानेवारी 1998 ला. "कामाचा आकार बघू नकोस, माती बघ," सर म्हणाले. ते वाक्य मी वहीत लिहून ठेवलंय.

श्रीधरन यांनी दिल्ली मेट्रोत उरलेले दिवस मोजणारी उलटी घड्याळं लावली होती. माझं बजेट एका फळ्याचं. सिमेंटच्या गोडाऊनबाहेर टांगला, रोज खडूनं आकडा बदलायचा. आता मुकादमच माझ्याआधी येऊन तो बदलतो. तिथंच साडेसातला दहा मिनिटं उभ्या उभ्या बोलतो. एकच प्रश्न: काय अडलंय?

पहिला आठवडा सगळे मुके. मग एकदा सेंट्रिंगचा (स्लॅबखालचा साचा बांधणाऱ्यांचा) मुकादम खाली बघत पुटपुटला, "परवा आमची माणसं जत्रंला चाललीत, साहेब." आधीचा मी असतो तर तिथंच भडकलो असतो. या वेळी जीभ चावली आणि स्लॅब दोन दिवस पुढे ढकलला. गाडी परत गेली नाही. (सगळाच सुधारलोय असं समजू नकोस. परवा वॉटरप्रूफिंगवाल्याला फोनवर जे बोललो, ते काकूंना कळलं तर पोहे बंद.)

तुझ्या कारखान्यात शिफ्ट बदलताना एकमेकांना काय सांगता, काय लपवता, ते सविस्तर लिही. सरांना ऐकवायचंय.

उद्या सकाळी नवव्या मजल्याचा स्लॅब आहे. इलेक्ट्रिशियननं संध्याकाळी फोन करून सांगितलं, "एका खोलीचं राहिलंय, रात्री दहापर्यंत करतो." दहाला त्याचा 'झालं' असा मेसेज आला. तरी मी टॉर्च घेऊन वर जाऊन बघून आलोच. सरांना सांगू नकोस.

तुझाच,
साइटवरचा